दातखिळीच्या पलीकडे

फळीच्या खालच्या अंगाला खळीचा एक वाळलेला थेंब चिकटलेला होता — तांदळाच्या कणीएवढा, पिवळट, कडेनं उकललेला — आणि तो धनश्रीच्या डोळ्याच्या इतका जवळ होता की नीट दिसावा म्हणून तिला दुसरा डोळा मिटून घ्यावा लागत होता. गाल फरशीला टेकलेला, एक हात पुढे ताणलेला, दुसरा मागे मांडीशी धरलेला... श्वास सोडायचा, छाती रिकामी होऊ द्यायची, पायाच्या अंगठ्यांनी स्वतःला पुढे रेटायचं, आणि फळी पाठीला लागली तरी घाबरून श्वास घ्यायचा नाही, कारण श्वास घेतला की माणूस फुगतो आणि फुगला की खरोखरच अडकतो. हे तिला अश्लेषानं शिकवलं होतं. पण हा थेंब? कोणत्या साली सांडली असेल ही खळ, कोणत्या लुगड्याच्या ताण्यावरची? बाबांनी माग विकला त्यालाही आता किती वर्षं झाली. ही बसायची फळी तेवढी त्यांनी विकू दिली नव्हती, आणि तीच दोन बाजूंना विटा रचून मागच्या खोलीत मांडलेली होती, फरशीपासून वीतभर उंच. वीतही तिची. बाबांची वीत मोठी.

"काहून वं, आज पण घुसली का फळीखाली?" दारातून गोदूबाईचा, म्हणजे आईचा, आवाज आला. "पाठ सोलून निघन तं मले सांगू नको. हळद संपली हाय."

"एकदाच अजून वं आई."

"एकदाच, एकदाच. त्या भोकानं तुह्या बापाले गिळून उगललं, तेवढ्यानं पोट नाही भरलं त्याचं. आता पोट्टी पायजे."

आईला उत्तर नको होतं, फक्त बोलायचं होतं, आणि बोलून झाल्यावर ती चहा ठेवायला निघूनही गेली. धनश्रीनं श्वास सोडला. खळीचा थेंब कानावरून मागे सरकला, मग खांद्यावरून, मग तो दिसेनासा झाला आणि ती दुसऱ्या बाजूनं खोलीत बाहेर आली. कोपर थोडं खरचटलं होतं. बस्स, एवढंच.

उद्या पहाटे निघायचं होतं. गाडीनं खाप्यापर्यंत, मग कन्हान ओलांडून टेकड्यांच्या पायथ्याशी, आणि तिथून चालत झिरपीला. झिरपी ही चुनखडीची गुहा. बाहेरून पाहिलं तर कोणी वळूनही बघणार नाही. पळसाच्या झुडपांमागे एखादी म्हैस बसेल एवढी खबदाड. आत मात्र पाणी युगानुयुगं झिरपत राहिलं, दगड विरघळवत राहिलं, आणि विरघळलेला दगड पुन्हा थेंबाथेंबानं छताला लोंबत राहिला. अश्लेषा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची आणि सुट्ट्यांमध्ये पाच-सहा जणांना घेऊन झिरपीचा नकाशा करायची. त्या नकाशाची रेघ एका ठिकाणी येऊन थांबली होती. तिथे वरचा खडक आणि खालचा खडक मिटत मिटत वीतभर अंतरावर येऊन अडले होते. त्या जागेला सगळे दातखीळ म्हणत. गटातल्या मोहितचे खांदे तिथे बसले नाहीत. पोरगा व्यायामशाळेत जाऊन कमावलेल्या अंगाला शिव्या घालत परत फिरला. खुद्द अश्लेषा कमरेपर्यंत गेली आणि तिला दोघांनी पाय धरून बाहेर ओढलं. राहता राहिली धनश्री, जिला आख्ख्या गल्लीनं जन्मभर 'काडी' म्हणून हाक मारली होती, जिच्या अंगाला मांस धरत नाही म्हणून उमरेडच्या सासूनं देवऋषी केला होता... त्या काडीशिवाय आता अश्लेषाचं पान हलत नव्हतं. आणि जायचं तर मे महिन्यातच. एरवी दातखिळीपलीकडचं पाणी कपारीच्या ओठापर्यंत भरलेलं असतं.

सक्करदऱ्याहून कोराडीला कामावर जायचं म्हणजे नागपूर या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं चिरत जायचं. बर्डीला बस बदलून धनश्रीला खिडकीची जागा मिळाली. सकाळचे नऊ वाजायचे होते तरी वाऱ्याला चटका होता. आईनं पर्समध्ये टाकलेला कांदा बाजूच्या बाईलाही वास देत होता. उन्हाची बाधा होऊ नये म्हणून कांदा. आणि गुहेची बाधा होऊ नये म्हणून काय द्यावं, हे आईला इतक्या वर्षांत सापडलेलं नव्हतं.

झिरपीत कोण कोण गेलं नाही! आधी गेले ते गुराखी. ते उजेड पोचतो तिथवर जात, एका दगडावर दिवा ठेवत आणि हात जोडून परत फिरत. आणि तिथून पुढे गुहाच नाही, तिथून पुढे देव आहे, असं सांगत. मग सी. पी.च्या, म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांताच्या, काळात कोणी गोरा साहेब शंभर मशाली आणि चार बंदुका घेऊन आला, त्यानं वटवाघळांवर बार काढले, धुरानं त्याचाच जीव घुसमटला, आणि 'या गुहेला अंत नाही' असं म्हणत तो बाहेर पडला. नंतर मँगनीज शोधणारे आले. त्यांना चुनखडीत रस नव्हता, त्यांच्या लेखी गुहा दारातच संपली. प्रत्येकानं आपापला दम संपला तिथं गुहा संपवली होती. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात असं नसतं. तिथे प्रत्येक माणूस मागच्याच्या पुढे जातो. आणि मग, धनश्री सात वर्षांची असताना, एक प्राध्यापक आपले विद्यार्थी घेऊन आले. त्यांना वाट सापडावी म्हणून मागे सोडत जायला लांबच लांब सूत हवं होतं, आणि सूत मिळतं विणकरांच्या गल्लीत... तिथून बाबा या इतिहासात आले.

"पक्का धागा पायजे," असं प्राध्यापकांनी सांगितलं होतं. आता पक्का म्हणजे काय, हे कोणी कोणाला विचारलं नाही. विणकराच्या घरात पक्का म्हणजे पाजण केलेला, खळ चढवून कडक केलेला. तिला ती दुपार अजून दिसत होती — गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं सूत, चुलीवर रटरटणारी खळ, ती थंड करून कुंच्यानं धाग्यावर चढवणारे बाबा आणि भांडं धरून त्यांच्यामागे चालणारी ती. आई म्हणाली होती, एवढी खळ कायले, गुहेत कोण लुगडं विणून राहिलं? तर बाबा म्हणाले, बिनखळीचा धागा घराबाहेर काढू का मी? कोष्ट्याची इज्जत हाय. आणि त्या इज्जतीपायी त्यांनी चांगली दाट, गव्हाच्या पिठाची खळ दिली. धागा वाळला तेव्हा तारेसारखा वाजत होता.

गुहेत लांब मिशांचे रातकिडे असतात. अंधारात त्यांना वर्षानुवर्षं वटवाघळांच्या विष्ठेशिवाय खायला मिळत नाही. त्यांच्या तोंडासमोरून त्या दिवशी मैलभर लांबीची पोळी पसरत गेली.

धागा सोडायला मदतनीस म्हणून बरोबर गेलेले बाबा सगळ्यांत बारीक, म्हणून दातखिळीतून त्यांना पुढे पाठवलं. पलीकडच्या डबक्यात त्यांची बॅटरी पडली, विझली. तरी ते घाबरले नाहीत, धागा हातात होता. तो चिमटीत धरून ते मागे फिरले आणि थोड्या वेळानं चिमटीत नुसती चिमूट राहिली. कुरतडलेली टोकं कुठेकुठे पायाला लागत होती म्हणे. त्यानंतर ते चुकले, आणि चुकता चुकता एका जागी पोचले, जिथे टाळी वाजवली तर आवाज उशिरा परत येत होता, जिथे पाणी वाहत होतं, आणि जिथे त्यांनी एका ओल्या दगडी खांबाला मिठी मारली, जो मिठीत मावला नाही. दातखिळीच्या अलीकडे विद्यार्थ्यांनी हाका मारल्या, थांबले, रडले आणि मदत आणायला गेले. दुसऱ्या दिवशी खाप्याचे लोक गॅसबत्त्या घेऊन गेले, तेव्हा बाबा दातखिळीच्या तोंडाशी बसलेले सापडले. घरी आले ते नखशिखान्त पांढरे, चुन्याच्या चिखलानं, आणि धनश्री त्यांना ओळखू न येऊन आईच्या मागे लपली. हा प्रसंग मात्र बाबा कोणाला सांगत नसत.

ते दालनाचं सांगत. गल्लीत, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत. प्राध्यापकांनी त्यांच्या अहवालात लिहिलं की दातखिळीपलीकडे डबकं आहे आणि त्यानंतर गुहा बंद होते. मदतनिसानं काही सांगितलं आहे, पण अंधारात भ्यालेल्या माणसाच्या साक्षीवर रेघ ओढता येत नाही. नकाशात तिथे एक बाकदार, बंद रेघ होती. गल्लीला तो अहवाल कोणी वाचून दाखवला देव जाणे, पण हसायला गल्लीला निमित्त पुरतं. 'काय गा बाबूलाल, खांब बरा हाय नं?' हे वाक्य धनश्री कानात घेऊन मोठी झाली. पाचवीत तिनं एका पोराचा दात पाडला होता. बाईंनी विचारलं, काहून मारलं? ती म्हणाली, खांबासाठी. वर्ग हसला, बाईही हसल्या.

...आणि म्हणून तिनं ठरवून टाकलं होतं. फार पूर्वीच, वर्षभरापूर्वी अश्लेषाच्या गटात नाव दिलं त्याच्याही आधी बहुधा. दातखिळीपलीकडे फक्त तिचं अंग जाऊ शकत होतं. मग पलीकडे काही असो वा नसो, बाहेर येऊन सांगायचं — आहे. दालन आहे, वाहतं पाणी आहे, खांब आहे, आणि तो कवेत मावत नाही. कोण तपासणार? कॅमेरा देतील बरोबर. तो पाण्यात पडेल. बाबांची बॅटरी पडली होती, माझा कॅमेरा पडेल, पाण्याला कोण जाब विचारतो? अश्लेषा नवा नकाशा काढेल, त्यावर मोठं दालन असेल, आणि त्या दालनाला बाबूलाल हे नाव असेल. छापील. मग येऊ दे कोणालाही पानठेल्यावर. या ठरवण्यात तिला कधी खोट दिसली नव्हती. माणूस आपल्या बापासाठी किडनी देतो, तिला तर एक वाक्य द्यायचं होतं.

कोळशाच्या प्रयोगशाळेत तिचं काम म्हणजे आलेल्या नमुन्याची भुकटी भट्टीत जाळायची आणि मागे किती राख उरली ते तोलायचं. वीस वर्षं ती हेच करत होती. राखेचा आकडा तिनं कधी इकडचा तिकडे केला नव्हता. एकदा काटा बिघडला असा तिला नुसता संशय आला, तर तिनं अख्ख्या दिवसाचे नमुने पुन्हा जाळले होते आणि बाजूच्या टेबलावरच्या सरितानं कपाळाला हात लावला होता. आजही ती मुशीत भुकटी घालत होती, आणि भट्टीची ऊब तोंडावर घेताना तिच्या मनात एक विचार आला, अगदी नको त्या वेळी पाहुणा यावा तसा — मी राखेचं खोटं सांगत नाही, आणि गुहेचं सांगणार... तिनं भट्टीचं दार लावलं. राख सरकारची आहे, बाप माझा आहे. संपलं.

"उद्या खरंच जाऊन राहिली का वं तू?" सरितानं डबा उघडता उघडता विचारलं.

"जाऊन राहिली."

"अन् अडकली तं?"

"अडकली तं तू माहे नमुने जाळजो."

सरिता हसली, मग हसायची थांबली. जेवणानंतर अश्लेषाचा फोन आला.

"धनश्रीताई, एक सांगायचं राहिलं. काल मी दातखिळीपाशी उदबत्ती धरली होती. धूर सरळ वर गेला नाही, आत ओढला गेला. म्हणजे पलीकडे हवेला जागा आहे. किती आहे ते नाही सांगता येत, एखादी नुसती फटही असेल. पण बंद नाही."

धनश्री स्टुलावरून उठून उभी राहिली. "म्हणजे बाबा..."

"मी काहीच म्हणत नाही, ताई. तुम्ही बघून याल तेच म्हणेन मी. तुम्ही जे सांगाल ते मी काढीन, तुमच्या शब्दाबाहेर एक रेघ नाही." मग तिनं बजावलं, "आणि दोर कमरेला पक्का. दोर संपला की परत फिरायचं, समोर काहीही असो. नायलॉनचा आहे, रातकिड्यांचे दात पडतील."

तुम्ही जे सांगाल ते मी काढीन... हे वाक्य ऐकून आनंद व्हायला हवा होता, सगळं मनासारखंच जुळून येत होतं, अगदी आंधळा मागतो एक डोळा... आणि तरी परतीच्या बसमध्ये ते वाक्य तिला खुपत राहिलं. या पोरीनं उदबत्ती धरून धूर पाहिला होता. पाहिलं तेवढंच सांगितलं होतं. फट असेल, असं म्हणाली होती. तिच्या जागी मी असते तर आतापर्यंत दालन बांधून त्याला चुना लावून मोकळी झाले असते.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं, पण भिंती अजून तापलेल्या होत्या. पुढच्या खोलीत कूलर घरघरत होता, खसचा ओला वास सुटला होता, आणि त्या वाऱ्यात बाबा बसले होते, टॉवेलाची दशी बोटांत घेऊन, पीळ देत, सोडत, पुन्हा देत. मागाला हात लागला नाही तरी हात मागाचेच होते. चार-आठ दिवस ते गप्प होते. आनंदानं असेल, असं धनश्रीनं धरून चाललं होतं.

"धना, बस." बाबा म्हणाले. "चाय मंग घेजो."

ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"खांब पाहू नको तिथी."

"काय?"

"खांब म्हणून राहिलो मी. शोधत नको बसू. नसन."

कूलरच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं. ती उठली, तिनं कूलर बंद केला. एकदम शांत झालं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, ती थापही थांबली.

"नसन म्हंजे? तुमीच तं सांगतलं, हात लावला म्हणून."

"लावला. कायले तरी लावला. ओलं होतं, गार होतं, उभं होतं." बाबा टॉवेलाकडे बघून बोलत होते. "बाहेर आलो, पयल्यांदा सांगतलं, तं लोक हासले. दुसऱ्यांदा सांगतलं तवा थोडं जोडलं, हासू नये म्हणून. धागा तुटला तं जोडाच लागते नं. अन् जोड दिसू नये असं जोडलं, आपलं कामच ते. इतके वर्सं जोडत आलो. आता पायतो तं... मूळचा धागा कोणता अन् जोडलेला कोणता, मलेच दिसून नाही राहिलं वं."

"मंग आजच काहून सांगून राहिले? उद्या मी जाऊन राहिली तं?"

"तू जाऊन राहिली म्हणूनच. खांब दिसला नाही का तू अजून जरा पुढं जाशीन, अजून जरा पुढं जाशीन. मले मालूम हाय तू कशी हायेस. दोर सोडशीन."

ती उठली आणि मोरीवर गेली. बादलीतलं पाणी पायांवर ओतलं, एक तांब्या, दुसरा, तिसरा... पाणी दिवसभराच्या उन्हानं कोमट झालेलं. तिला राग आला होता, साधा, सरळ, लहान पोराला येतो तसा. म्हणजे मी दात पाडला तो कशासाठी? उमरेडला जेवणाच्या ताटावर सासरा म्हणाला, खांबवाल्याची पोर, आणि मी ताट सरकवून उठले, कायमची माहेरी आले, ती कशासाठी? खांब लग्नापेक्षा जड झाला होता मला, नाकापेक्षा मोती. सगळे हसत होते तेव्हा एकटी मी होते बाबा, जिनं तुमचा खांब उभा धरला होता, आणि तुम्ही आता म्हणता... तिनं तांब्या आपटला. तांब्याला पोचा पडला असेल. पडू दे.

पण पाय पुसताना तिला आणखी एक गोष्ट आठवली, जी तिला नेहमीच माहीत होती. लहानपणी बाबा सांगत तेव्हा खांब कमरेएवढा असे. तिच्या लग्नाच्या सुमाराला तो एका कवेत मावेनासा झाला. हल्ली हल्ली दोन माणसांनी हात धरले तरी पुरत नव्हता. खांब वाढत होता आणि मी मोजत नव्हते. राख मोजणारी बाई.

ती परत आली तेव्हा बाबा तसेच बसले होते. कूलर कोणी लावला नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम साचला होता.

"बाबा," ती म्हणाली, "असो का नसो, मी तं 'हाय'च म्हणणार होती."

"मालूम हाय."

"तुमाले कोणी सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? सालभर झालं तू तिथी जाऊन राहिली, फळीखाली घुसून राहिली. मले एक सवाल नाही विचारला तू. ज्याले पाहाचं असते तो विचारते. डाव्या अंगानं गेले का उजव्या, पाणी कुठवर होतं, खाली गाळ का गोटे. तू काहीच नाही विचारलं." बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुले पाहाचं नव्हतंच, धना. तुले फकस्त सांगाचं होतं."

हे वाक्य एखाद्या परक्यानं म्हटलं असतं तर तिनं त्याला धुऊन काढलं असतं. पण समोर तो माणूस होता ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, आणि तो बरोबर बोलत होता.

"भैताड हाव का मी, मले नाही समजत?" बाबा हळू आवाजात म्हणाले. "तू 'हाय' म्हणशीन, मले बरं वाटन, लोकाइचं तोंड बंद होईन. अन् मंग तू? एकट्यानं पायलं अन् एकट्यानं सांगतलं, का ते ओझं एकट्यालेच उचला लागते. खरं असलं तरी उचला लागते. मी जिंदगीभर उचललं. तू खोटं उचलून कुठवर चालशीन?"

"अन् नसन तं?" तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "नसन तं काय सांगू तुमाले?"

"नाही हाय म्हणून सांगजो."

"तुमाले सोसन का?"

बाबांनी दशी सोडून दिली, टॉवेल मांडीवर पसरून सारखा केला. "मले बी पाहाचं हाय वं," ते म्हणाले. "बाहेर आलो तवापासून नुसतं सांगूनच राहिलो."

स्वयंपाकघरातून आईनं नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि मग भाकरीची थाप पुन्हा सुरू झाली, जरा जोरातच. धनश्री खुर्ची ओढून बाबांच्या जवळ बसली. इतकी जवळ ती कैक वर्षांत बसली नसेल. तिला त्यांच्या हातांवरचे घट्टे दिसत होते, आणि आज इतक्या वर्षांनी ती त्यांना पहिल्यांदाच काही विचारणार होती.

"दातखिळीतून निघाले, तं डबकं कोणत्या अंगाले?"

बाबांनी डोळे मिटले. उजवा हात हवेत उचलला आणि काहीतरी चाचपत असल्यासारखा पुढे नेला. थोडा डावीकडे झुकला, मग थांबला, परत उजवीकडे आला. बोटं उघडली, मिटली. बराच वेळ तो हात तसाच हवेत राहिला.

"डावं," ते म्हणाले. मग, "नाही... थांब." आणि मग, डोळे न उघडताच, "नाही सांगता येत, धना. मी तुले खरं सांगतो, नाही सांगता येत."

"राहू द्या," ती म्हणाली. "मी पायतो."

तिनं उठून कूलर लावला. उद्याची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, त्यात वाढवायचं किंवा काढायचं काहीच नव्हतं. दोर तोच, दिवा तोच, निघायची वेळ तीच. सात वर्षांची असल्यापासून तिच्या डोक्यात एक दालन होतं. त्यात नेहमी उजेड असायचा, आणि तो कुठून येतो हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. पांढराशुभ्र खांब, खळाळतं पाणी, आणि मध्ये उभे असलेले बाबा, कोरडे, ताठ. भ्यालं, रडू आलं, शाळेत कोणी हसलं, की ती तिथे जाऊन उभी राहायची. तशी ती आत्ताही गेली, सवयीनं, दातखिळीतून सरकत, पलीकडे हात टेकत... आणि समोर अंधार होता. खांब नव्हता असं नाही. होता असंही नाही. हात लावून बघितल्याशिवाय कळणार नाही असा अंधार. तिला भीती वाटली. वर्षभर फळीखाली घुसताना एकदाही वाटली नव्हती, कारण आजवर ती माहीत असलेल्या जागी निघाली होती. आता तिथे काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं, जगात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या भीतीतच तिला जाणवलं की इतकं जावंसं तिला आजवर कधीच वाटलं नव्हतं.